निर्धार भरपूर आहे, दुपारचं जेवण कमी पडतंय

प्रश्न, थोडक्यात: वय २९, राहायला मंगळवार पेठेत, नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत. बारावीपर्यंत तालमीत होतो, गुडघा गेला आणि कुस्ती सुटली. दिवसभर नीट राहतो. सकाळी काळा चहा, दुपारी काकडी आणि ताक. पण संध्याकाळी सुटलो की घरी पोचेपर्यंत तीन-चार ठिकाणी गाडी थांबवतो आणि गाडीवर बसूनच खातो. घरी बायकोसमोर परत साधं जेवतो. सगळे झोपले की स्वयंपाकघरात पुन्हा सुरू, पोट दुखेपर्यंत. दर सोमवारी नवा निश्चय, बुधवारी त्याचे बारा वाजलेले. जिम लावली, सोळा तासांचा उपास केला, मित्रांशी पैज लावली, आरशावर आखाड्यातला जुना फोटो चिकटवला. व्हिडिओ बघितले की दोन दिवस चढतं, मग उतरतं. हे थांबवायला मोटिव्हेशन आणायचं कुठून?

उत्तर:

तुमच्या प्रश्नात ‘दिवसभर नीट राहतो’ असं एक वाक्य सहज येऊन गेलंय. मी अडखळले ती तिथं. संध्याकाळी काय होतं ते तुम्ही बारकाईनं लिहिलंत, पण काळा चहा आणि काकडी-ताकावर फौंड्रीतली अख्खी शिफ्ट काढणं याला तुम्ही ‘नीट’ म्हणता. एकोणतीस वर्षांच्या, उभ्यानं काम करणाऱ्या गड्याचं शरीर त्याला नीट म्हणत नाही. ते संध्याकाळपर्यंत दम धरतं आणि मग सगळं वसूल करतं.

विचारलंय मोटिव्हेशनबद्दल, म्हणून आधी तेच. कोल्हापुरात मानसशास्त्रज्ञ म्हणून मी बरीच वर्षं बसते. खाण्यावर ताबा राहत नाही म्हणून येणाऱ्यांत मला आळशी माणूस क्वचित भेटला. आळशी माणूस दर सोमवारी नव्यानं सुरुवात करायच्या भानगडीत पडत नाही. तुम्ही जिम, उपास, पैज, फोटो एवढं करून बसलायत. तुम्हाला ‘अजून जोर लाव’ म्हणून काय मिळणार? जोर आहेच, आणि तो सगळा दिवसा कमी खाण्यात खर्च होतोय. त्यामुळेच संध्याकाळ हातातून जातेय. पुढचं सगळं याच एका मुद्द्यावर आहे.

एक खातरजमा मात्र आधी करू. आपल्याकडे जास्त खाणं हा काही आजार नव्हे. गावच्या म्हाईला, म्हणजे जत्रेच्या जेवणाला, बसलेला माणूस पांढऱ्या रश्श्याच्या पाच-सहा वाट्या रिचवतो, वर तांबडा घेतो, मग हात धुऊन पान खात गप्पा मारतो. त्यानं काही लपवलेलं नसतं, आणि दुसऱ्या दिवशी तो स्वतःला शिव्याही घालत नाही. तुमचं तसं नाही. तुम्ही भराभर खाताय, भूक नसताना खाताय, पोट दुखेस्तोवर खाताय, एकट्यानं लपून खाताय आणि नंतर स्वतःची किळस येतेय. मुख्य म्हणजे त्या वेळी ‘आता थांबू’ असं ठरवूनही थांबता येत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं २०१३ साली आपल्या निदान-पुस्तिकेत ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’ (बिंज म्हणजे ताबा सुटून एका वेळी भरमसाट खाणं) असा स्वतंत्र आजार नोंदवला, त्याच्या खुणा याच. असं आठवड्यातून निदान एकदा, सलग तीन महिने होत असेल तर निदानाचा विचार होतो. निदान समोर बसूनच होतं, त्यामुळे मी इथून शिक्का मारणार नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते नुसतं ‘खादाडपणा’ म्हणून सोडून द्यावं असं नक्कीच नाही.

पुरुष या तक्रारीसाठी येतच नाहीत, ते ॲसिडिटीसाठी येतात, झोप लागत नाही म्हणून येतात, शुगरचा रिपोर्ट घेऊन येतात. उठताना, दाराला हात लावल्यावर, हळूच हे सांगतात. त्यातून कोल्हापूर. इथं खाणाऱ्या गड्याचं कौतुक होतं, तालमीत तर खुराक हीच इभ्रत. दूध, तूप, बदाम किती पचवतो यावर पोराची किंमत ठरते. मग त्याच गड्यानं ‘मला खाणं आवरत नाही’ म्हणायचं कुणापुढं? लोक हसतील, ‘नशीबवान आहेस की’ म्हणतील. तुम्ही लिहून विचारलंत, यातलं निम्मं अवघड काम तिथंच झालं.

आता भूक. १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात संशोधक अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. दिवसाला साधारण १५७० कॅलरी, आणि वर चालण्याचा व्यायाम. ही सगळी धडधाकट, मनानं खंबीर, स्वेच्छेनं आलेली माणसं होती. काही आठवड्यांत त्यांना जेवणाशिवाय दुसरं सुचेना. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटली चाटायचे. प्रयोग संपून पोटभर अन्न मिळायला लागल्यावर त्यांतले काही जण इतकं खायचे की पोट तुडुंब भरलं तरी भूक भागल्यासारखं वाटायचं नाही. प्रयोगाच्या आधी त्यांना असं काही होत नव्हतं. तुमचा काळा चहा आणि काकडी-ताक हे त्या १५७० च्याही खाली जातं, फक्त तुमची उपासमार रोज संध्याकाळी सहाला संपते.

दुसरी गोष्ट नियमाची. १९७५ च्या एका गाजलेल्या प्रयोगात डाएट करणाऱ्या आणि न करणाऱ्या लोकांना आधी मिल्कशेक दिला आणि मग ‘चव सांगा’ म्हणून आइस्क्रीम पुढं ठेवलं. डाएट न करणाऱ्यांनी मिल्कशेक झाल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं, पोट भरलं होतं ना. डाएटवाल्यांनी जास्त खाल्लं. आजचा दिवस मोडलाच आहे, तर आता कशाला मागं राहा! हे वाक्य तुमच्या ओळखीचं असणार.

अशा माणसांना मी एक साधी वही करायला सांगते. वजनाची नाही, कॅलरीचीही नाही. किती वाजता, कुठं, काय खाल्लं, भूक होती का, आणि त्याच्या आधी काय घडलं, एवढंच. तुमच्यासारख्या माणसाच्या वहीतलं पान साधारण असं निघतं:

‘५.५०. तावडे हॉटेलच्या अलीकडं. दोन वडापाव. भूक: मरणाची. आधी: रिजेक्शनवरून साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं.
६.१०. कावळा नाका. क्रीम रोल चार. भूक: नाही. मनात: आता काय राहिलंय.
६.३५. घराजवळ. फरसाण पाव किलो, गाडीवरच. पुडी गटारीत टाकली. भूक: नाही. मनात: उद्यापासून कडक.’

हे पान नीट बघा. पहिला थांबा खऱ्या भुकेचा आहे, त्यात साहेबांचं बोलणं मिसळलंय. पाच वाजता पोटात काही असतं तर तो झालाच असता असं नाही. दुसरा थांबा मोडलेल्या नियमाचा. तिसऱ्यात ‘उद्यापासून कडक’ आलंय, म्हणजे उद्या परत काळा चहा, आणि उद्याच्या ५.५० ची तयारी आजच झाली. लोकांना वाटतं ‘उद्यापासून कडक’ म्हणजे सुधारणा. माझ्या लेखी तो बिंजचाच शेवटचा घास असतो.

म्हणून ज्याला तुम्ही मोटिव्हेशन म्हणताय, म्हणजे आरशावरचा फोटो, वजनकाटा, ‘सुटलायस की पैलवान’ म्हणणारी मंडळी, ते सगळं तुम्हाला एकाच ठिकाणी ढकलतं: अजून कमी खा. तो फोटो काढून टाका. चीड म्हणून नाही, तो रोज सकाळी तुमचा नाष्टा हिसकावून घेतोय म्हणून. काटासुद्धा आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. रोज चढणाऱ्याचा दिवस काटा ठरवतो.

मग कारण कुठलं धरायचं? व्यसनमुक्तीच्या कामातून आलेला एक प्रश्न मी विचारते. हे थांबणं तुमच्यासाठी किती महत्त्वाचं आहे, शून्य ते दहात सांगा. समजा तुम्ही सहा म्हणालात. मी ‘दहा का नाही’ असं विचारणार नाही. ते ऐकलं की माणूस सबबी सांगायला लागतो. मी विचारेन, ‘दोन का नाही?’ मग जी उत्तरं येतात ती त्या माणसाची स्वतःची असतात, आणि तीच टिकतात. कुणी म्हणतं, पगारातले पैसे यात जातात आणि घरी खोटा हिशेब द्यावा लागतो. कुणी म्हणतं, रात्री पोट इतकं तडतडतं की पोरगी मांडीवर बसायला आली तर नको म्हणावं लागतं. या उत्तरांत वजन फार कमी वेळा पहिलं येतं.

तुम्हाला माझा प्रश्न: तालमीत शेवटचं कधी गेलात? गुडघा गेला म्हणून लढता येत नाही, पण संध्याकाळी पोरांचा जोर बघायला, वस्तादांशी दोन शब्द बोलायला जाता येत होतं. ते कशानं थांबलं? ‘लोक काय म्हणतील’ हे उत्तर असेल, तर बिंजनं तुमच्याकडून काय काय नेलंय याची यादी तिथून सुरू करा. या यादीतलं एक काहीतरी, वजन होतं तेवढंच असताना, या पंधरवड्यात परत घ्यायचं. बारीक झाल्यावर जाईन, असं नाही. आहे तसं जायचं. मोटिव्हेशन आधी मिळतं आणि मग माणूस हलतो असं सगळे धरून चालतात. माझ्यासमोर तरी बहुतेक वेळा ते उलट घडतं. चार दिवस बरे गेले की मग इच्छा जोर धरते.

आणखी एक यादी लागेल, जी लिहायला लोक लाजतात: बिंज तुम्हाला देतं काय? काही तरी देतंच, नाही तर कुणी रोज पोट दुखवून घेत नाही. साहेबांचं बोलणं विसरायला होतं. कंपनी आणि घर या दोन्हींच्या मधला तो अर्धा-पाऊण तास कुणी काही मागत नाही, कुणी हाक मारत नाही. भरल्या घरातल्या माणसाला एकांत मिळतो तो बऱ्याचदा गाडीवरच. ही गरज खोटी नाही. तिला दुसरी सोय केली नाही तर वडापावची जागा रिकामी राहत नाही. घरी स्पष्ट सांगा, ‘मी वीस मिनिटं रंकाळ्यावर बसून येणार आहे’, आणि खरंच नुसतं बसून या. मात्र खाऊच्या गाड्या लागतात ती बाजू सोडून.

आता जेवण. ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी या आजारासाठी जी उपचारपद्धत बसवली, तिची पहिली पायरी ‘कमी खा’ ही नाही, ‘वेळेवर खा’ ही आहे. तीन जेवणं, मध्ये दोन-तीन छोटी खाणी, आणि दोन खाण्यांत चार तासांपेक्षा मोठी फट नको. तुमच्या दिवशी ते असं बसेल. निघण्याआधी नाष्टा: दोन चपात्या-भाजी, किंवा पोहे आणि दोन अंडी. अकराच्या चहाला मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, नाही तर केळं. दीडला पूर्ण डबा: भाकरी, उसळ किंवा पिठलं, वाटीभर आमटी-भात, आणि ताक घ्यायचंच असेल तर या सगळ्याच्या वर. संध्याकाळी सुटण्याआधी, गाडीला किल्ली लावायच्या आधी, पुन्हा काहीतरी पोटात. दोन उकडलेली अंडी, चपातीचा रोल, भिजवलेले हरभरे, जे जमेल ते. रात्री साडेआठला घरच्यांबरोबर नेहमीचं जेवण.

यातलं पाच वाजताचं खाणं सगळ्यांत महत्त्वाचं, आणि तेच तुम्ही टाळणार. ‘घरी जाऊन जेवायचंच आहे, आता कशाला’ असं वाटेल. भूक असो-नसो, घड्याळ बघून खा. इतकी वर्षं उलटसुलट खाल्ल्यावर भुकेची खूण बिघडलेली असते, ती ताळ्यावर यायला काही आठवडे लागतात. दम लागलेल्या पैलवानाला डाव आठवत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. उपाशी डोक्यानं कावळा नाक्यावर योग्य निर्णय घ्यायची अपेक्षा त्याच्यापेक्षा वेगळी नाही. शिफ्ट बदलली तर वेळा सरकवा, फट तेवढीच ठेवा.

‘एवढं खाल्लं तर वजन वाढेल’ ही भीती मला दिसतेय. दिवसभराचं हे जेवण मांडून बघा आणि दुसऱ्या बाजूला ते वरचं वहीचं पान अधिक रात्रीचं स्वयंपाकघर मांडा. तरीही मी खोटी आशा दाखवणार नाही: बिंज थांबलं म्हणून वजन झरझर उतरेल असं नाही. बऱ्याच जणांचं ते आहे तिथं स्थिरावतं. वजनाचं काम नंतर, बिंज काही महिने शांत राहिल्यावर. दोन्ही एकदम करायला गेलात की वजनाचं काम बिंजला परत बोलावतं.

तरीही तलफ येणारच. ती चढते, टोकाला जाते आणि उतरते. खाल्लं नाही तरी उतरते, बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत. तुम्ही तिला कधी उतरताना बघितलेलंच नाही, कारण चढतानाच गाडी थांबते. एकदा तरी बघा. पहिले काही दिवस रस्ता बदला, खिशात रोकड ठेवू नका, फोनवरचं पेमेंट ॲप महिनाभर बायकोच्या ताब्यात द्या. याला काही जण दुबळेपणा म्हणतात. मी सोय म्हणते.

आणि बिंज होईल. महिनाभर बरं जाऊन एखाद्या रात्री होईल. त्यानंतर काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेवा: पुढचं जेवण वेळेवर, नेहमीएवढं. उपास नाही, जिममध्ये दुप्पट वेळ नाही, सोमवारची वाट बघणं नाही. रात्री बाराला झालं तर सकाळी आठला नाष्टा. घास गिळवणार नाही, तरी अर्धा का होईना, घ्याच. मी माणसं सावरताना बघितली ती बहुतेक या सकाळच्या नाष्ट्यावर.

उपासांचं थोडं बोलते, कारण श्रावण आणि नवरात्र जवळ आले की इथं सगळे कडक होतात. सध्या काही महिने निर्जळी, एकभुक्त, नऊ दिवसांचे उपास बंद. आजारी माणसाला आपल्याकडे उपासातून सूट आहेच. अंबाबाईला नारळ वाहा, दर्शन घ्या, घरी येऊन जेवा. आग्रहाचंही तसंच. ‘एक वाटी घे की गा’ म्हणणाऱ्या मामाला डाएटचं कारण सांगितलंत तर तो दोन वाट्या वाढेल. पोटभर जेवून, ‘झालं माझं, रस्सा एक नंबर होता’ म्हणत ताटावरून उठणं जास्त चालतं. आणि तांबडा-पांढरा, मिसळ, जिलेबी यांच्यावर कायमची बंदी घालू नका. सुरुवातीचे काही आठवडे एकट्यानं नको, एवढंच. पुढं घरच्यांबरोबर, टेबलावर बसून, ताटात घेऊन खायचं. बंदी घातलेला पदार्थच रात्री बाराला आठवतो.

बायकोला सांगा. सगळं एका दमात नको. ‘संध्याकाळी मी वाटेत खातो, मला ते आवरत नाही, आणि मी ते थांबवायला बघतोय’ एवढी तीन वाक्यं पुरेत. सोबत तिनं काय करू नये तेही सांगा: ताटाकडं बघून टोकायचं नाही, ‘आज खाल्लंस का’ म्हणून चौकशी करायची नाही, डबा मात्र भरभक्कम द्यायचा. तुम्ही लपवताय हे तिला अंदाजानं बहुधा माहीत असेलच. फरसाणाचा वास शर्टाला लागतो.

काही गोष्टी असतील तर मात्र घरच्या घरी प्रयोग न करता आधी डॉक्टर गाठा. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढत असाल किंवा जुलाबाच्या गोळ्या घेत असाल, तर तो वेगळा आणि जास्त धोक्याचा प्रकार आहे. रक्तातलं पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा बदलताना डोस बघावा लागतो. स्टिरॉइडं आणि मानसोपचारातली काही औषधं भूक वाढवतात. अशी औषधं चालू असतील तर स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारा. आणि उदासी इतकी असेल की जगणं नको वाटतंय, तर थांबू नका. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

औषधं आहेत. काहींना ती उपयोगी पडतात, ती द्यायची की नाही हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. जिममधल्या कुणी दिलेली भूक मारायची गोळी, ‘फॅट कटर’ पावडर असलं काही घेऊ नका. वजनाच्या नव्या इंजेक्शनांबद्दल अलीकडे रोज कुणीतरी विचारतं. ती मधुमेह आणि लठ्ठपणासाठी आहेत, बिंजवरचा मान्य उपचार म्हणून नाहीत. सोळा तासांचा उपास या आजारात मला अजिबात मान्य नाही, तो कुणीही सांगितलेला असो.

वही आणि वेळेवरचं जेवण सहा-आठ आठवडे करूनही फरक पडला नाही, तर एकट्यानं ओढत बसू नका. सीपीआर या इथल्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढून दाखवता येतं, किंवा गावातल्या कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाकडे वा मानसशास्त्रज्ञाकडे जा. जाताना ‘ॲसिडिटी आहे’ म्हणून सुरुवात करू नका, पहिल्याच वाक्यात खाण्याचं सांगा. वहीची शेवटच्या दोन आठवड्यांची पानं बरोबर ठेवा, बिंजची पानं फाडून टाकू नका. आणि ओपीडीला नंबर लागायला वेळ जातो, तेव्हा नाष्टा करून निघा.